कोंडावर जाऊ का?

एप्रिलची परीक्षा संपली की मला जूनची धास्ती वाटायला लागते. लोक म्हणतात, शिक्षकांची मजा आहे बुवा, दीड महिना सुट्टी. म्हणोत बापडे. त्यांना एकदा जूनमधला माझा वर्ग दाखवायला हवा. मी राहते खोपोलीला आणि माझी शाळा आहे खालापूर-कर्जत रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्ग माझ्याचकडे. मार्चमध्ये पानभर लिहिणारी पोरं जूनमध्ये माझ्यासमोर अशी बसतात, की जणू कुणी त्यांची जीभ घरी खुंटीला अडकवून ठेवलीय.

"सुट्टीत काय केलं रे?"

"मज्जा."

"म्हणजे काय केलं?"

"मज्जा म्हंजे मज्जा."

आंबे कसे होते, मस्त. मामाचं गाव कसं होतं, मस्त. लग्नात काय काय बघितलं, तर तेही मस्त. अख्खा उन्हाळा दोन शब्दांत गुंडाळून ठेवतात मेले. मी तापट बाई, ओरडते. पण खरं सांगू का, ओरडते ती भीतीने. एकदा जूनमध्येच एक पोरगा तापाने फणफणला होता आणि त्याला कुठे दुखतंय ते सांगता येईना. "कसंतरी होतंय," एवढंच. डोकं ठणकतंय का, मळमळतंय का, कळ येतेय का, कशालाच त्याच्याकडे शब्द नव्हता. ज्याला आपलं दुखणं सांगता येत नाही त्याचं पुढे काय होणार, हा विचार माझ्या मनातून जातच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तशी मी आहे. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला सुट्टीसुद्धा पुरत नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी एक खेळ काढला. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच. रोज प्रत्येकाने एक नवा शब्द बोलून पाठवायचा. अट एकच, शब्द पुस्तकातला नको आणि मोबाइलमधला नको, माणसाच्या तोंडून ऐकलेला हवा. कुणाकडून ऐकला, कधी वापरतात, ते सांगायचं आणि आपलं एक वाक्य करायचं. जो शब्द दुसऱ्या कुणाकडे नसेल त्याला मी टाळ्यांचं चित्र पाठवणार. टाळ्यांच्या चित्रासाठी पोरं काय वाट्टेल ते करतील हे मला माहीत होतं. म्हणजे तेव्हा वाटलं की माहीत आहे.

सुरुवात झकास झाली. कुणी तांदूळ धुवायची रोवळी आणली, कुणी भातासाठी जमीन भाजायचा राब आणला, कुणी पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं. एकाचा बाप एक्स्प्रेसवेच्या नाक्यावर कामाला आहे, त्याने फास्टॅग आणला आणि हट्टाला पेटला, की बाई, हा माणसाच्याच तोंडचा शब्द हाय, पप्पा रोज बोलतो. एकाने काकाकडून असा एक शब्द आणला, की तो कुणाच्या आईने ऐकायच्या आत मला पुसावा लागला. मग त्याच्या काकालाच फोन लावून मी हजेरी घेतली.

पण माझं खरं लक्ष होतं एका मुलीकडे. तिसरीतून चौथीत जाणारी, अंगाने काटकुळी, वर्गात सदा खाली मान. तिला शब्द यायचा, पण ओठापर्यंत येऊन परत फिरायचा. बाप टेंपो चालवतो, आई कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर साफसफाईला जाते, त्यामुळे सुट्टीत दिवसभर ही घरात एकटी. घरी काच तडकलेला एक जुना फोन असतो. त्या फोनवरून ती बोलायला लागली ती बोलतच सुटली. समोर माणूस नसला की भीड चेपते ना, तसं झालं असावं. तिचा आवाज असा खणखणीत आहे हे मला वर्षभरात पहिल्यांदा कळलं. मी तिला टाळ्यांवर टाळ्या पाठवल्या. नवऱ्यालासुद्धा ऐकवलं, बघा, माझी पोरगी कशी बोलतेय.

मग एका दुपारी जेवणं उरकून मी आडवी झाले होते, तेव्हा तिचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"बाई, घरातलं शब्द संपलं. कोंडावर जाऊ का? तिकडं जाम शब्द हायत. येक बाय हाय, तिला समदी नावं येतात."

मला इतकं कौतुक वाटलं, काय सांगू. घरातले शब्द संपले! मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्याकडे कोंड म्हणजे वस्ती. गावापासून थोडी बाजूला असलेली पाच-पन्नास घरं, तो कोंड. माझं माहेरच कोंडावर आहे. "कोंडावर चाललेय" म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर सारवलेली खळी येतात, फणसाखाली बसून कोकमं फोडणाऱ्या बायका येतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारणारी माणसं येतात. पोर तिथे जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करणार, यापेक्षा चांगलं ते काय? उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी बोलून मोकळी झाले.

"जा की. विचारतेस काय? सगळे शब्द घेऊनच ये."

आणि मी कूस बदलून झोपले.

उठले, चहा टाकला, तोवर उन्हं उतरली होती. तिच्या आईचा फोन आला. आवाज साधाच होता, नुकतीच कामावरून आल्यासारखा.

"बाई, पोरगी तुमाला काय बोललेली का? घरी नाय. फोन इकडंच हाय."

"अहो, ती कोंडावर गेलीय," मी म्हटलं. "शब्द आणायला. येईल एवढ्यात."

मग ती म्हणाली, "कोंडावर? कुणासंगती?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन कट झाला.

त्या "कुणासंगती"ने माझ्या काळजात धस्स झालं. वस्तीवर जायला सोबत कशाला लागते? मी गॅस बंद केला आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना फोन लावला. त्या त्याच गावच्या.

"मावशी, तुमच्याकडे कोंड कुठल्या वाडीला म्हणतात हो?"

"वाडीला नाय गं बाई. कोंड म्हंजे नदीचा. वळणावर पाणी खोल हाय ना, त्यो. पोरांना आमी जाऊ नाय देत तिकडं." मग म्हणाल्या, "आन आज तर वरनं पाणी बी सुटलंय. काय झालं?"

ज्यांना आमची नदी माहीत नाही त्यांना सांगते. इकडे उन्हाळ्यातही नदी आटत नाही. वर घाटाखाली वीज तयार होते, ते वापरलेलं पाणी नदीत येतं. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं, आभाळात ढगाचा पत्ता नसताना. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला नदी वाढते हे ठाऊक होतं. कोंड म्हणजे काय तेवढं ठाऊक नव्हतं.

चप्पल कुठली, पर्स कुठली, हाताला लागली ती पिशवी खांद्याला लावून मी स्कूटर काढली आणि निघाले. खोपोली ते खालापूर रस्त्यावर कंटेनरची ही रांग. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायला लागला. तोंडाने देवाचं नाव घेत होते आणि मध्येच समोरच्या ट्रकवाल्याला शिव्या घालत होते. आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत फोन वाजत होता. एकदा, परत, परत. मी रस्त्याकडेला थांबून धडपडत तो काढला. ग्रुपवर पोरं शब्द पाठवत होती. "बाई, माझा शब्द उडवी. उडवी म्हंजे पेंढ्याचा ढीग. आमच्या दारात उडवी हाय." टाळ्यांची वाट बघत होता बिचारा. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या शब्दांचा तिटकारा आला. फोन बंद करून मी पिशवीत कोंबला.

नदीवर पोचले तर अर्धं गाव तिथे. पाणी वळणावर हिरवंगार, वर एक भोवरा गरगरत होता. दोन बापे बुडी मारून वर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा खाली गेले. काठावर तिची आई उभी होती. डब्याची पिशवी अजून खांद्याला तशीच. ती रडत नव्हती, नुसती पाण्याकडे बघत होती. मी तिच्याजवळ जायला निघाले, पण मध्येच थांबले. जाऊन काय सांगणार होते? मी मनात तेच ते घोकत होते, जा की, विचारतेस काय, जा की. माझाच आवाज, किती लाडात आलेला. बाजूची बाई कुजबुजली, "गाळात पाय रुतला तर मानूस वर नाय येत." मी तिला गप्प बस म्हणाले, तेही केवढ्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, देवा, पुन्हा कुणा पोराला काही सांगणार नाही, नोकरी सोडते, पण हिला दे.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी बाई ओरडली, "पोरगी इकडं हाय रं! इकडं हाय!"

करवंदीच्या जाळीमागून ती बाई पुढे आली आणि तिच्या पदराला धरून आमची पोर. डोंगरावरच्या वाडीतल्या बायका कोंडाजवळ मासे धरायला येतात. ही त्यांच्याजवळ बसून माशांची नावं विचारत होती. पाणी वाढायला लागलं तेव्हा त्यांनी हिला ओढून पलीकडे घेतलं. मग इकडे यायचा फरशीचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला, आणि पाणी उतरेपर्यंत त्या पलीकडे सावलीला बसून राहिल्या. वरच्या बाजूला बसल्या होत्या, म्हणून आमचा गलका उशिरा ऐकू गेला. इतकं साधं होतं. मी तिथेच दगडावर बसले.

एका बाप्याने पोहत जाऊन तिला खांद्यावर घेतलं आणि अलीकडे आणून आईसमोर उभं केलं. आता त्या माऊलीच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिने हात उगारला.

"कुणाला इचारून गेलेलीस गं?"

पोरगी मार चुकवायला वाकली आणि म्हणाली, "बाईंना. बाईंना इचारलेलं मी. बाई बोलल्या, जा."

आईचा हात तिथेच थांबला. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले. आता ही मला काय बोलेल ते बोलेल, माझ्या झिंज्या धरल्या तरी चालतील, असं मला अगदी मनापासून वाटलं. पण तिने हात खाली घेतला, पदराने डोळे पुसले आणि हसली.

"मंग तसं सांगायचं ना आदी," ती पोरीला म्हणाली. "बाईंना इचारलेलं तर काय नाय. मी उगाच घाबरले."

"अहो नाही," मी म्हटलं. "माझी चूक झाली. मला माहीतच नव्हतं कोंड म्हणजे काय ते. आमच्याकडे वस्तीला म्हणतात. मला वाटलं ती वस्तीवर चाललीय."

तिला वाटलं मी तिच्या पोरीला वाचवायला खोटं बोलतेय. दिसतच होतं तिच्या तोंडावर.

"असं कसं व्हईल बाई? तुमाला शब्द ठाव नसल असं व्हईल का?"

बाजूचे लोकही हसले. कुणीतरी म्हणालं, बाईंनी पाठवलेलं ना, मग झालं, चला घरी. माणसं पांगायला लागली, बुडी मारणारे दोघे अंग पुसायला लागले. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं. आईने पोरीचा भिजलेला फ्रॉक पिळला आणि तिला माझ्याकडे ढकललं.

"आता इचार बाईंना, उद्या कुठं जायचं ते."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आज तिची मान खाली नव्हती. माझ्या डोळ्यांत बघून तिने स्पष्ट विचारलं, "उद्या कुठं जाऊ, बाई?" मी काहीही सांगितलं असतं तर ती तिथे गेली असती, आणि तिच्या आईने तिला जाऊ दिलं असतं. इतकी भीती मला त्या हिरव्या पाण्याकडे बघतानाही वाटली नव्हती.