केनवडची काळी मोटार

"मास्तर गाडी पाहाले आला का पोरगी दाखवाले?"

पाटलांचा ड्रायव्हर गोठ्याकडे तोंड करून हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. मी पदर सारखा केला आणि हातातली वही घट्ट धरली.

वहीत रिसोडच्या मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं होतं. जुनी गाडी पाहायला सकाळी जा, इंजिन थंड असताना; तापलेलं इंजिन खराब असलं तरी लगेच सुरू होतं. पायाखालचं मॅटिंग उचला, पत्रा सडला असेल तर तिथे कळतं. दारांच्या खालच्या कडा अंगठ्यानं दाबा. नवा रंग दिसला की आत पुट्टी भरून सडका पत्रा झाकलाय असंच धरून चाला. बाबा विचारत गेले, तो सांगत गेला, मी लिहून घेतलं. इंग्रजीत, कारण मिशनच्या शाळेत वर्षं काढल्यानं मराठी लिहिताना माझा हात अडखळायचा.

गाडी अंगणात उभी होती. काळी, विलायती, स्वातंत्र्याच्या आधीची. बाबा लहान असताना ती पहिल्यांदा गावात आली, तेव्हा सगळी पोरं मागे धावली होती. बाबांना मात्र हात लावू नको म्हणून हाकललं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरंच काही सांगता सांगता. आता ते हायस्कूलात मास्तर होते, आम्ही बौद्ध होऊन वीस वर्षं होत आली होती, आणि घरात जमलेली सगळी पुंजी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. निघताना आईनं तो कोट दोनदा मागितल्यावर आणून दिला होता. तिला ही गाडी नको होती, हे मला त्यावरून कळलं.

पाटील स्वतः ओसरीवरून खाली आले. खुर्ची मागवली, बाबांना बसवलं.

"आता कायचं जुनं धरून बसाचं मास्तर. तुमी घरचेच."

चहा आला. मी कपांकडे पाहत होते. पाटलांचा कप निळ्या काठाचा होता आणि बाबांचाही तसलाच. बाबांनीही ते पाहिलं. त्यांनी चहा एकदम पिऊन टाकला नाही, थोडा थोडा घेतला.

त्यानंतर त्यांनी गाडीकडे नीट पाहिलंच नाही. मी वही उघडून त्यांच्या गुडघ्यापाशी धरली, तर त्यांनी ती हलकेच बाजूला सारली. मॅटिंग उचलू का, असं मी हळूच विचारलं. पाटलांसमोर असं खाली वाकून तपासणं बरं दिसत नाही, असं ते कुजबुजले. घरी त्यांच्याबद्दल बोलताना ते 'तो पाटील' म्हणायचे. आज साहेब म्हणत होते. मला बाबांचा राग आला, आणि तो आल्याची लाजही वाटली. ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा, हा त्यांचा पेच होता. मला मात्र त्या खुर्चीचाच संशय येत होता.

गाडी कितीशी चालते, असं बाबांनी विचारलं. पाटील म्हणाले, महिना झाला, जागची हललीही नाही, मुलगा नागपूरला, चालवणार कोण. मग त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

"पाह्यलं? महिनाभर उभी होती, तरी एका आवाजात उठली."

बाबा हसले. असं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन लगेच बंद केलं, जरा घाईनंच. बाबा उठून गाडीपाशी गेले, दारावरून तळहात फिरवला आणि तसाच तो कोटाच्या खिशाकडे नेला.

मीही मागोमाग गेले. वही काखेत धरून बोटं बॉनेटवर टेकवली आणि पटकन उचलली. पत्रा चांगलाच तापला होता. ऊन अजून गोठ्यापलीकडे होतं, आणि इंजिन आता तर जेमतेम मिनिटभर चाललं होतं. ड्रायव्हर माझ्या हाताकडे पाहत होता. मी पाहिल्यावर त्यानं मान वळवली.

बाबांच्या हातात पाकीट आलं होतं. मी पाटलांकडे वळले. परक्या पुरुषांसमोर मी आजवर एक शब्द बोलले नव्हते, आणि बाबांचा तो सकाळचा मान मोडणार हेही मला दिसत होतं.

"काका, गाडी आत्ताच कुणीतरी तापवून ठेवली आहे. आम्ही इथेच बसतो. ती पूर्ण गार होऊ द्या, मग बाबा स्वतः चालू करून पाहतील."