चाळीस लिटरचा समुद्र

आमचे काका जगातल्या कुठल्याही गोष्टीचा आकार लिटरमध्ये सांगत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते मुलीचं घर बघून आले. काकूंनी विचारलं, "कसं आहे घर?" काका चपला काढत म्हणाले, "गच्चीवरची टाकी दोन हजाराची आहे. झाकण नीट बसतं. माणसं चांगली असणार." एवढ्या भांडवलावर माझं लग्न झालं. झाकणाचा अंदाज बरोबर निघाला. मंजू आजही घरातल्या प्रत्येक वस्तूचं झाकण नीट लावते, माझ्या तोंडासकट.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी त्यांनी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केली. बत्तीस वर्षं ग्वाल्हेरचं पाणी काचेच्या नळीत धरून उजेडात बघितलं. ती सवय इतकी मुरली होती की कुणाकडे गेलं आणि पेला पुढे आला, की काका तो आधी खिडकीकडे धरत आणि मग पीत. दोन घरांत त्यांनी तो न पिताच खाली ठेवला. त्या दोन्ही घरांशी आमचं अजून जाणं-येणं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी फूलबागेत फेऱ्या मारायला लागले. काकांनी दिवाणखान्यात समुद्र पाळला.

मासे पाळणारे आमच्या ओळखीत पुष्कळ होते. निळा दिवा, तळाशी बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या, वगैरे. काकांचं प्रकरण वेगळं होतं. खारं पाणी, खडक, आणि त्या खडकावर जिवंत प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी-जांभळी, एकूण एकोणीस. दिवा लागला की उघडायची, विझला की मिटायची. त्यांचं शास्त्रीय नाव काकांना पाठ होतं, पण काकू त्यांना 'बटणं' म्हणत आणि पुढे काकाही तेच म्हणू लागले. शिवाय एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. पहिले आठ दिवस तो खडकामागून बाहेर आला नाही. नवव्या दिवसापासून सगळी टाकी त्याच्या ताब्यात. म्हणून काकूंनी त्याचं नाव 'सूनबाई' ठेवलं. काकूंना सून नव्हती, एकच मुलगी होती, सुलू, ती पुण्याला. घरात सून म्हणावी अशी एक मंजूच. मंजूने त्या नावावर आजपर्यंत काही मत दिलेलं नाही.

सुरुवातीला काका मीठ शोधायला दाल बाज़ारात गेले होते. मला बरोबर नेलं, पिशवी धरायला. त्यांनी चार दुकानांतलं मीठ जिभेवर ठेवून पाहिलं. चौथा दुकानदार म्हणाला, "बाबूजी, सब्ज़ी में डालना है कि अचार में?"

"समुद्र में," काका म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी वाणिज्य शिकवतो, त्या बाजारात माझे बरेच विद्यार्थी दुकानं चालवतात, तेव्हा मी चेहरा ओळख न देण्यासारखा केला. शेवटी समुद्राचं खास मीठ दिल्लीहून पार्सलने आलं. काकांनी त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडी ही मोठी स्तुती होती.

टाकी चाळीस लिटरची होती. आता चाळीस लिटर म्हणजे छोटी की फार छोटी, यावर काका फोनवर कुठल्या कुठल्या लोकांशी वाद घालत. भारतभर अशी माणसं पसरलेली आहेत हे मला तेव्हा कळलं. काकांचं म्हणणं असं, की शंभर-सव्वाशे लिटरच्या आतली ती छोटी, चाळिसाच्या आतली ती अतिछोटी, आणि दहाच्या आत कुणी समुद्र ठेवला तर त्या माणसाला घरात काही कामं सांगा. यांची बरोबर सीमेवर. वर ते आणखी म्हणत, "काच चाळीस म्हणते. त्यातून खडक काढ, वाळू काढ. पाणी बत्तीसच."

"मग घ्यायची होती मोठी," मी म्हटलं. "छोटी सोपी जाते म्हणून घेतलीत ना?"

काकांनी माझ्याकडे, प्रयोगशाळेत आलेल्या एखाद्या गढूळ नमुन्याकडे पाहावं तसं पाहिलं. "मोठी सोपी असते. मोठ्या पाण्यात काही चुकलं तर ते पसरतं, पातळ होतं. छोटी म्हणजे जिच्यात चूक मावत नाही ती."

मग लिटरांचा एवढा वाद कशासाठी, हे मी विचारलं नाही. तेव्हा चहा येत होता.

मे महिन्यात आमच्याकडे पारा कुठे जातो ते ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको. काकांच्या घरी इन्व्हर्टर होता. लाइट गेली की त्यावर टाकीचा पंप चाले आणि टाकीवर वारा घालणारा छोटा पंखा चाले. वरचा पंखा बंद. पाहुणे रुमालाने वारा घेत बसत. कुणी कुरकुर केली तर काका शांतपणे सांगत, "माणसाला घाम येतो, त्याने तो थंड होतो. बटणांना घामाची सोय नाही."

काकू या सगळ्याकडे पलंगावरून बघत. त्यांची तक्रार एकच होती आणि ती त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "आमचं लग्न झालं तेव्हा म्हणाले होते, समुद्र दाखवतो. सुट्टीच मिळाली नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. अडतीस वर्षांनी समुद्र घरी आला. तोही चाळीस लिटर."

"बत्तीस," काका म्हणत.

आमच्या घराण्यात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, हेही इथे सांगायला हवं. मूळ गाव कोकणात, असं ऐकत आलो. कुणीतरी पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आला आणि परतीचा विचार करता करता सात पिढ्या गेल्या. आम्ही कोकणाबद्दल अभिमानाने बोलतो आणि नारळ सुका खातो.

त्या वर्षी मेमध्येच काकूंच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं, सुलूजवळ. अठरा दिवस लागणार होते. टाकी माझ्यावर सोपवली गेली. काकांनी काचेवर काळी रेघ ओढली आणि एक चिठ्ठी चिकटवली. एक : पाणी रेघेखाली गेलं की आरओचं पाणी घाल, रोज साधारण दोन पेले, आणि सूनबाईला चिमूटभर खाणं. दोन : दुसरं काही करू नकोस. तीन : नियम दोन पुन्हा वाच.

निघताना काकू टाकीसमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "सूनबाईला बघून घे हं. मी येईपर्यंत." आणि मग हळूच, "येईनच."

सहा दिवस मी चिठ्ठीप्रमाणे वागलो. सातव्या दिवशी मला हिशेब सुचला. वाणिज्याच्या माणसाचं हे असं होतं. रोज दोन पेले गोडं पाणी, म्हणजे अठरा दिवसांत सात लिटर. बत्तीस लिटरच्या समुद्रात सात लिटर गोडं! काका परत येईपर्यंत पाव समुद्र गोडा होणार. बिचाऱ्यांच्या हातून घाईत चिठ्ठी चुकली असणार, मला वाटलं. कोपऱ्यात पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेला खाऱ्या पाण्याचा कॅन होता. त्या दिवसापासून मी रोज त्यातले दोन पेले घालू लागलो. समुद्राला समुद्र. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

चार-पाच दिवसांनी बटणं उशिरा उघडू लागली. मग अर्धीच. मग दिवा लागला तरी मिटलेली. काका रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन करत. "बटणं?"

"सगळं छान आहे, काका."

"बरं. हिला सांगतो."

काकूंचं ऑपरेशन झालं होतं, त्या अजून आयसीयूत होत्या. काका आत जाऊन त्यांना टाकीची खबर सांगत, असं सुलू म्हणाली. तेवढं ऐकून काकू डोळे मिटत. आता अशा वेळी मी काय सांगणार होतो?

ते परत यायच्या आदल्या दिवशी मंजू माझ्याबरोबर आली. मी पेला ओतत होतो. ती म्हणाली, "हे खारं आहे ना?"

"समुद्रात खारंच घालतात," मी म्हटलं आणि तिला हिशेब समजावला. तिने पूर्ण ऐकून घेतला.

"आमटी आटली की खारट होते की नाही?"

"होते."

"मग तुम्ही त्यात वरून मिठाचं पाणी घालता?"

पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. ही गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात रोज घडते आणि मी ती रोज जेवतो. बावीस वर्षं मी मुलांना शिल्लक काढायला शिकवत होतो.

काका आले. काकूंना पलंगावर निजवलं, उशी नीट केली, मग टाकीकडे गेले. पाण्याचा थेंब त्यांच्या खारटपणा मोजायच्या नळीवर ठेवला आणि नळी खिडकीकडे धरली. "हजारात चाळीस भाग मीठ," ते म्हणाले. "पस्तीस पाहिजे. किती दिवस खारं घातलंस?"

"बारा."

मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. त्यांनी एक पेला खारं पाणी काढलं आणि एक पेला गोडं घातलं. मग पेला विसळून पालथा ठेवला.

"बस? एवढंच? काका, बादलीभर बदलून टाकू ना आत्ताच."

"बारा दिवस चुकत होतास. एका दिवसात सुधारलास तर उरलेलीही मरतील. चूक ज्या वेगाने केली, त्याहून जास्त वेगाने काढायची नसते."

रोज थोडं थोडं, असं दोन आठवडे चाललं. अठरा बटणं गेली. एक राहिलं. सूनबाई राहिली, ती कुणाच्या चुकीने जाणाऱ्यांतली नव्हती. शेवटच्या दिवशी नळी पस्तीसवर आली तेव्हा मी म्हटलं, "काका, मी फोनवर खोटं बोललो."

"कळलं होतं. 'सगळं छान' म्हणालास. टाकीत सगळं कधीच छान नसतं. जो बघतो तो सांगतो, हे बटण असं आहे, ते तसं आहे. तू बघणं सोडलं होतंस."

"मग काकूंना काय सांगितलंत?"

काका पेला पुसत राहिले. "सगळं छान आहे म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "मी तरी कुठे मोठी टाकी होतो?"

पुढच्या वर्षी ते दोघं कायमचे पुण्याला गेले. काकूंना डॉक्टर जवळ हवे होते. टाकी गाडीतून जाणं शक्य नव्हतं. काकांनी ती माझ्या घरी लावून दिली आणि खारं पाणी कालवायचं काम माझ्याऐवजी मंजूला शिकवलं. चिठ्ठी मात्र नवी लिहिली नाही. जुनीच चिकटवली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एका दुपारी काकांचा फोन आला. मागे मोठा आवाज येत होता, मला वाटलं ट्रक.

"समुद्रावर आहोत," काका म्हणाले. "सुलूने आणलं."

"कसा आहे?"

 काका म्हणाले, "थेंब घेऊन पाहिला. पस्तीस." नळी ते खिशात घालून गेले होते. "बरोबर आहे."

फोन काकूंनी ओढून घेतला. "अरे, यांचं काय ऐकतोस! माझी एक चप्पल गेली वाहून. गुडघ्यापर्यंत उभी आहे मी. आणि हे किनाऱ्यावर उभे राहून विचारतात, किती लिटर असेल!"

मागच्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी पेला खिडकीकडे धरून पाणी प्यायले, खुर्चीत बसले, तेवढंच. मी पुण्याला गेलो, पंधरा दिवस राहिलो. परत आल्यावर आधी टाकीकडे धावलो. पाणी रेघेवर होतं. एकाची सात झालेली बटणं उघडी होती. मी मंजूकडे पाहिलं.

"लिहिलंय तेवढंच केलं," ती म्हणाली. "डोकं नाही चालवलं."

महिन्याभराने काकूंना फोन केला. त्यांनी विचारलं, "सूनबाई कशी आहे?"

सगळं छान, हे शब्द तोंडात आलेच होते. मी फोन घेऊन टाकीजवळ गेलो आणि वाकून पाहिलं. "सकाळी खाल्लं तिने. डाव्या बाजूचं एक बटण कालपासून मिटलेलं आहे. बाकीची सहा उघडी. पाणी पस्तीस."

 काकू म्हणाल्या, "मला झोप येत नाही रे. सगळ्यांना सांगते, बरी आहे. काल अर्धी पोळी जास्त गेली. यांची खुर्ची अजून खिडकीकडेच आहे, हलवू देत नाही मी."

मी भरभरून बोलायला लागलो. इकडे या, मी येतो, सुलूशी बोलतो, तिकीट काढतो. काकूंनी थांबवलं. "एकदम नको. रोज फोन कर आणि थोडं थोडं बोल."

फोन ठेवल्यावर मी मंजूला सगळं सांगितलं. ती आमटीत पाणी घालत होती.

"मग सांगितलंय तेवढंच करा," ती म्हणाली.