गावच्या पुडीतलं स्टिरॉइड

"यांना स्टिरॉइड कोण देतंय?"

आयसीयूच्या दारात डॉक्टर मॅडमनी हे विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. आत बाबा निपचित पडलेले, बीपी लागत नव्हतं, आणि या बाई माझीच उलटतपासणी घेतायत! मी फटकन म्हणाले, "कोणी नाही. आमचे बाबा साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत."

"चेहरा सुजल्यासारखा गोल, हातावर काळेनिळे डाग, कातडी कागदासारखी पातळ. काहीतरी चालू आहे. आठवा."

कॅज्युअल्टीतही मला हेच विचारलं होतं, औषधं कुठली चालू आहेत? मी छातीठोकपणे सांगितलं होतं, काही नाही. खोटं नव्हते हो बोलत! आमच्या घरात औषध म्हणजे मेडिकलमधून येतं ते. बाबा रोज सकाळी गरम पाण्यातून घ्यायचे, ती पुडी.

बाकावर बसलेली आई हळूच म्हणाली, "ती पुडी सांगितलीस काय गो?"

पुडी आमच्या गावाहून यायची. गिरणी बंद पडल्यावर बाबा मरोळला एका कारखान्यात वॉचमन होते. उभं राहून राहून गुडघ्यांची वाट लागली. गावातल्या एकाने संधिवाताची पुडी दिली, शंभर टक्के देशी म्हणून. तांदूळ, कुळीथ, आमसुलांबरोबर खासगी बसमधून पार्सल यायचं, ते आम्ही साकीनाक्याला उतरवून घ्यायचो. थोड्याच दिवसांत बाबा जिने चढायला लागले. आम्ही खूश! गाल गरगरीत झाले, तर आई म्हणायची, म्हातारपणी बाळसं धरलंय. हाताला दार लागलं तरी काळंनिळं व्हायचं, ते आम्ही वयावर ढकललं.

यंदा शिमग्याला पुडीवाला पालखीबरोबर घरोघर फिरत होता, त्यामुळे पार्सल आलंच नाही. घरातल्या पुड्या संपल्या. बाबांना आधी मळमळायला लागलं, मग उलट्या, मग उठवेना. ऊन बाधलं असेल म्हणून आम्ही कोकम सरबत पाजत बसलो. शेवटी मोरीकडे जाताना ते कोसळले आणि आम्ही रिक्षात घालून त्यांना इथे आणलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आपल्या दोन्ही किडन्यांवर एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवते. त्यावर आपलं बीपी टिकतं, साखर टिकते. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळायला लागलं की ती ग्रंथी काम सोडून देते. आता पुडी अचानक बंद झाली आणि ग्रंथी अजून झोपलेली. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलंय, पण रिपोर्टची वाट बघत नाही. हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतेय."

"म्हणजे?"

"स्टिरॉइडच."

"पुन्हा तेच?" मी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "स्टिरॉइड वाईट नाही. किती द्यायचं आणि हळूहळू कसं कमी करायचं हे न बघता, चोरून दिलेलं वाईट."

"वाचतील ना?"

"आजचा दिवस जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

वेटिंग रूममध्ये बसले आणि एकदम आठवलं. शेजारच्या लतामावशी! त्यांनाही बाबांनीच पुडी सुरू करून दिली होती, आमच्याच पार्सलमधून. मी लगेच फोन लावला.

"तुझ्या बाबांचा कळला गो," मावशी म्हणाल्या. "आग लागो त्या पुडयेक! उरलेली आत्ताच गटारात टाकतंय."

"मावशी, टाकू नका! अजिबात बंद करू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळी वेटिंग रूम वळून बघायला लागली. मला कसली लाज? "पुडी घेऊन तशाच इकडे या."

त्या आल्या. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं आणि पुडीच्या जागी मोजून-मापून गोळी सुरू केली. मावशींच्या घशाखाली काही हे उतरेना. म्हणत होत्या, विष आहे तर बंद का नाही करायचं? तुम्हीही हेच म्हणाल, म्हणून तर हे लिहायला बसलेय. घरात अशी पुडी असेल, तेल असेल, बिनलेबलची गोळी असेल, तर डॉक्टरांना ती दाखवा. देशी आहे, गावची आहे, आपल्या माणसाची आहे, काहीही असो. आणि रागाच्या भरात स्वतःच बंद करू नका. आमच्या बाबांना पुडीने आजारी पाडलं, पण जिवावर बेतलं ते ती अशी अचानक तुटली तेव्हा.

संध्याकाळी बीपी वर आलं. बाबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. मी तिथेच भोकाड पसरलं. सिस्टर ओरडल्या, तरी थांबेना.

कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला, अगदी तळाला गेलेलं. आता घरी गोळी चालू आहे. मॅडम ती हळूहळू उतरवतायत, ग्रंथी जागी व्हायला कित्येक महिने जातील म्हणतात. गुडघे पुन्हा दुखतात, उगाच खोटं कशाला सांगू? व्यायाम करताना बाबा मला मालवणीत शिव्या घालतात. घालू देत, ऐकायला मिळतायत ना!

पुडीवाल्याची तक्रार करायची म्हटलं की मात्र ते तोंड फिरवायचे. "गाववालो तो. त्याच्या पोटार पाय कशाक?" मी चिडायचे.

परवा त्याचाच फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"तात्यानू, पार्सल धाडू काय?"

"धाड," बाबा म्हणाले. मी तर उडालेच. "पण आत काय घातलंस ता कागदावर लिवन धाड. माझ्या डॉक्टरणीक दाखवचा असा."

 तो चाचरत म्हणाला, "ता आमचा घराण्याचा गुपित, तात्यानू."

"तुझा गुपित आणि माझो जीव?"

फोन कट झाला. बाबांनी तो खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव तक्रार. त्याचो पत्तो मी सांगतंय. आणि खाली नाव माझा घाल."