अर्ध्या इंचाची दुमड

मी मॅन्युअल कधीच लिहिलं नाही. अठरा वर्षं सॉफ्टवेअर विकलं, पण ते कसं वापरायचं याची दोन पानंसुद्धा छापली नाहीत. सोलापुरात मॅन्युअल वाचतो कोण? फोन करतात. फोन उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर बोलून ठेवतात, "ताई, छापा मारलं की कागद कोराच यायलंय बगा." मग मीही बोलूनच उत्तर पाठवायची. भाजी चिरताना, स्कूटर कडेला घेऊन, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या मी उत्तरं दिली आहेत. अर्ध्याअधिक उत्तरांत शिव्या नसल्या तरी शिव्यांच्या जवळपासचं काहीतरी असायचंच. त्या बोलण्याने पुढे माझा घात केला, आणि तो कसा केला हे मला अजूनही शांतपणे सांगता येत नाही.

माझं सॉफ्टवेअर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी होतं. शाळेकडून वर्गवार मापांची यादी येते. ती आत टाकली की कुठल्या नंबरचे किती नग, कापड किती लागेल, थर कसे लावायचे, हे सगळं कटिंग मास्तरच्या हातात द्यायच्या एका कागदावर बाहेर पडायचं. दिसायला अगदी गावठी होतं. पडद्याचा रंग मी एकदा निवडला तो निवडला. पण एप्रिल ते जुलै या दिवसांत ते एकदाही बंद पडलं नाही, आणि त्याच्यावर नव्या पेठेतलं आमचं तिघींचं ऑफिस चालायचं. दोघीजणी माझ्याकडे बारा वर्षांपासून होत्या. एक गिऱ्हाइकांकडे जायची, एक फोन घ्यायची, आणि दोघींनाही जे सुटायचं नाही ते माझ्याकडे यायचं.

पुण्याचे एक गुंतवणूकदार दोन वर्षांपासून मागे लागले होते. लहान शहरांतल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत पैसे घालायचे असं त्यांचं चाललं होतं. पहिल्या भेटीत मी सांगितलं, आम्ही तिघी आहोत, तर म्हणाले, "फक्त तीन? मॅडम, दहा करा, तीस करा, मोठं करा." मला घाई नव्हती. माझा हिशोब असा की लहान राहिलं तरी चालेल, पण आपलं असावं. गेल्या वर्षी दोन कारखाने बंद पडले तेव्हा माझा ताठा उतरला आणि मी होकार कळवला. पण तोवर हे एआय एजंट आले होते. आमच्याकडे एजंट म्हटलं की विम्याचा, नाहीतर लग्न जमवणारा. हा एजंट निराळा. त्याला काम तोंडाने सांगायचं, तो स्वतःच पायऱ्या पाडतो, प्रोग्रॅम लिहितो, चालवून बघतो, चुकला तर परत लिहितो. तेच गुंतवणूकदार आता व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "तीन माणसं? तिघींची गरज काय आहे, मॅडम?" दोन वर्षांत तोंड एवढं फिरतं.

पुढे त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि समजावणाऱ्या माणसाइतका राग मला कुणाचा येत नाही. म्हणे कोड आता कुणीही लिहून घेतं, त्यात आम्ही पैसे घालत नाही. तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला सोडून जाणार नाही हे दाखवा. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून पत्र आणा, पुढची तीन वर्षं तुमचंच सॉफ्टवेअर वापरणार असं. पत्र आलं तर पुढे जाऊ. नाही आलं तर, एवढं म्हणून ते नुसते हसले. पत्र नाही आलं तर ऑफिस बंद करायचं, हे मला कुणी हसून सांगायची गरज नव्हती.

पत्राची मला काळजीच नव्हती. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले मालक. सोलापुरात ज्याला त्याला मालक म्हणतात, पण हे खरोखरचे मालक, आणि माझे पहिले गिऱ्हाईक. फोन करण्यातही पहिले. दिवसाला चार ठरलेले. यंदा फेब्रुवारीपासून त्यांचा एकही फोन आला नव्हता. मी घरात कौतुकाने सांगितलं होतं की बघा, अठरा वर्षांनी का होईना, माझं सॉफ्टवेअर बिनचूक झालं. किती मूर्ख असावं माणसानं!

एप्रिलमधल्या एका सकाळी मी गेले. दहा वाजताच छताचा पत्रा तापला होता. मालकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, पत्राचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच व्हय? देतो की." मग फोन तोंडाजवळ धरून कुणाला तरी सांगावं तसं बोलले, "ताईंना पत्र पायजे. अठरा वर्षं झाली, लई चांगलं काम हाय, आनि तीन वर्षं हेच वापरनार, असं झकास लिही." मिनिटभरात पत्र छापून आलं. शुद्ध, सुरेख मराठी. मी स्वतः लिहिलं असतं तर एवढं चांगलं जमलं नसतं. मालकांनी सही केली, शिक्का मारला, पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि मग सुपारी कातरत म्हणाले, "पन ताई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आमी फेब्रुवारीपास्नं आमचंच वापरतोय."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. रंग बदलला होता, बाकी माझंच. मी विचारलं, कुणी करून दिलं? मालक लाजले. खरोखर लाजले. "मीच की. बारावी नापास मानूस मी. चार दिवस ह्या एजंटशी नुसतं बोलत बसलो, झालं."

"पण मापांचे नियम? ते कुठून आले?"

"तुमीच दिलाव की." म्हणाले, माझी एकूणएक व्हॉइस नोट त्यांनी जपून ठेवली होती. ती सगळी त्या एजंटला दिली. "तुमचं बोलनं कसं हाय ताई, एकदा ऐकलं की डोक्यात बसतंय. त्याच्याबी बसलं."

ही चोरी आहे, असं मी म्हणाले. आवाज चढला होता. मालकांना खरंच कळेना मी कशाला चिडले. "फुकट पाठवलेलं की ताई. आमालाच पाठवलेलं." फुकट दिलेल्या वस्तूवर भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. वरून त्यांनी ते चालवून दाखवलं. त्यांनी मुद्दाम एक चुकीचं माप टाकलं, आणि पडद्यावर उमटलं: "घाई करू नका. आधी टेप नीट धरलाय का ते बघा, मग मला विचारा." माझं वाक्य. शब्दन् शब्द माझा. मालक कौतुकाने हसत होते.

तेवढ्यात मास्तर कटिंगचा कागद न्यायला आले. वैरागकडच्या एका खेड्यातल्या शाळेची ऑर्डर होती, मुलींचे फ्रॉक, हंगामातले पहिलेच. सवयीने मी कागदावरून नजर फिरवली. तीस नंबरच्या पुढच्या सगळ्या फ्रॉकना खालची दुमड अर्धा इंच लिहिली होती.

"कापड लई वाचायलंय ह्याच्यात," मालक म्हणाले.

दुमड दोन इंच असते. असायलाच पाहिजे. त्या बाजूला एक फ्रॉक दोन वर्षं चालवतात. मुलगी वाढली की आई दुमड उसवते आणि खाली सोडते. माझ्या स्वतःच्या फ्रॉकला सातवीत खाली दोन बोटं गडद निळा पट्टा होता, आत राहिल्यामुळे न विटलेला. वर्गात सगळ्याच जणींना तसा होता, त्यामुळे लाज वाटायचं काही कारण नव्हतं. खेड्यातल्या शाळेत माल आला की हेडमास्तर पहिल्यांदा फ्रॉक उलटा करून दुमड बघतात. अर्धा इंच दिसली तर अख्खा टेम्पो परत.

हा नियम आला कुठून, असं मी कारण न सांगता मालकांना विचारायला लावलं. एजंटने जुनी नोट काढून दाखवली. "तीसच्या पुढच्या सगळ्या मुलींना दुमड अर्धा इंच करा, आणि परत फोन करू नका!" ती मीच बोलले होते. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू होतं, मी बाहेर बाकड्यावर, आणि मालकांचे लागोपाठ पाच फोन. मिलकडून कापड कमी आलं होतं. एका शहरातल्या शाळेच्या एका ऑर्डरपुरतं, वैतागून तोडलेलं ते उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी मी मालकांना फोन करून दुमड परत दोन इंच करायला सांगितली होती. पण फोनवरचं बोलणं कुठे साठत नाही. साठला तो वैताग.

मला सगळं लख्ख दिसलं. मी गप्प बसले तर जूनमध्ये माल परत येणार. मालक नव्या पेठेचे जिने चढत येणार. हे नवं खेळणं फेकून देणार आणि माझं जुनं सॉफ्टवेअर परत लावणार. म्हणजे समोर पडलेलं खोटं पत्र आपोआप खरं होणार. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त चहा संपवून उठायचं होतं. मास्तरांनी कागद उचललाही होता.

मी पाणी मागितलं. सावकाश प्यायले. ग्लास खाली ठेवला आणि मास्तरांवरच ओरडले, "कापू नका ते! अर्धा इंच दुमड असते होय? अक्कल गहाण ठेवली का सगळ्यांनी?"

मालक हबकले. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मला देवमाणूस म्हणाले, आणि फोन तोंडाजवळ धरून सांगितलं, "ताई म्हनतात दुमड दोन इंच. कायमची." दहा सेकंदांत नवा कागद बाहेर आला.

ते पत्र मी पुण्याला पाठवलं नाही. प्रामाणिकपणाचा आव आणत नाही. ते ज्या एका कारणाने खरं ठरलं असतं, ते कारण मीच तोंडाने घालवलं होतं, मग त्या कागदाकडे बघवेना. जुलैत ऑफिस बंद केलं. दोघींपैकी एक आता एका दुकानात कामाला आहे, दुसरी अजून काम शोधते आहे आणि मला फोन करत नाही. तिचं बरोबरच आहे.

मालकांवर माझा राग नाही. पुण्याच्या माणसावर थोडा आहे. खरा राग माझ्यावरच आहे, आणि तो दुमडीपायीही नाही. दुमड सांगितली ती सांगितली, मुलींच्या अंगावर जायचे फ्रॉक होते ते. राग येतो तो त्याच्या पुढच्या पाच मिनिटांचा. मी पर्स उचलली होती, चप्पल पायात सरकवली होती. पडद्यावर नवी ओळ आली: "दुरुस्ती केली. आणखी काही चूक दिसते का?"

मी चप्पल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि मापांचे सगळे नियम पहिल्या पानापासून तपासायला लागले.