विहिरीकडच्या चार ओळी

मथुराबाई तुमसरकडची. नवरा दौलतराव भिलाईत भट्टीच्या बांधकामावर जड लोखंड चढवणारा खलाशी म्हणून लागला, तशी तीही मागोमाग आली. माहेरी आणि सासरी धानाची शेती पाहिलेली, त्यामुळे झोपडीत बसून राहणं तिला जमेना. वस्तीपासून दोन कोसांवर, अहिवाऱ्याच्या रस्त्याला, रामाजी नावाच्या माणसाचा भाजीमळा होता. तिथं ती निंदणाला लागली आणि दोन वर्षांत फवारणीचा पंप पाठीवर घेणारी मळ्यातली एकटी बाई झाली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नजर पक्की होती.

एकोणसाठच्या जानेवारीत वालाच्या वेलांवर काळे डाग दिसायला लागले. शेती खात्यातला देवीदास सायकलवर येऊन पानं बघून गेला, दुसऱ्या दिवशी बुरशी मारायची पूड घेऊन आला. फवारल्यावर बारा दिवस शेंगांना हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. बारा दिवस कशाला, असं मथुराबाईनं विचारलं तेव्हा त्यानं बांधावर बसून समजावलं. पानातला रसच औषधाचे तुकडे करतो, ते तुकडे स्वतःच्या साखरेला जोडतो, आणि हळूहळू विषाचा जोर मोडतो. माणसाचं पोट जसं पचवतं तसंच काहीसं. थंडीत मात्र झाडाचं हे काम सावकाश चालतं.

औषधाचा जोर किती उरला हे बघायची त्याची एक रीत होती. काचेच्या बशीत बटाट्याच्या रसाचं घट्ट खाद्य, त्यावर बुरशी पेरलेली. पानाचा रस लावलेला कागदाचा तुकडा मधोमध ठेवायचा. रसात औषध असेल तर कागदाभोवती बुरशी वाढत नाही, मोकळं गोल कडं उरतं. कडं लहान होत गेलं की झाड औषध पचवतंय असं समजायचं. देवीदासला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं बशा मथुराबाईच्या हवाली केल्या. तिनं मनानंच ठरवलं की रस्त्याकडच्या वेलांची वेगळी बशी करायची आणि विहिरीकडच्या चार ओळींची वेगळी.

तिसऱ्या दिवशी काढलेल्या रसाचं कडं दोन्ही बशांत दोन बोटं होतं. सहाव्या दिवशी बोटभर झालं. नवव्या दिवशी रस्त्याकडच्या बशीत ते जेमतेम दिसत होतं, विहिरीकडच्या बशीत मात्र बोटभरच होतं. तिला वाटलं, कागद ओला राहिला असेल. बाराव्या दिवशी तिनं नव्यानं रस काढला. दोन दिवसांनी, बशी तयार झाल्यावर बघितलं तर रस्त्याकडचं कडं गेलेलं आणि विहिरीकडचं जसंच्या तसं.

त्या दिवशी ती मळ्यात पोचायच्या आत, पहाटेच तोड झाली होती. बारा दिवस उलटून गेलेत, आता कशाची वाट बघायची, म्हणून रामाजीनं दोन्हीकडच्या शेंगा एकत्र टोपल्यांत भरल्या होत्या आणि बैलगाडी कधीचीच खानावळीकडे निघाली होती. ती खानावळ बांधकामावरच्या तीनशे माणसांची. दौलतराव दुपारी तिथंच जेवायचा.

देवीदास नेमका तेव्हाच आला. तिनं दोन्ही बशा त्याच्यापुढे धरल्या. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. हे औषध असं अडून राहत नाही, असं तो पुटपुटला आणि रामाजीकडे वळला. विहिरीकडच्या ओळींत दुसरं काही घातलं का, असं त्यानं विचारलं. रामाजी आधी नाही म्हणाला. मथुराबाईला आठवलं, विहिरीकडच्या शेवटच्या पंपाच्या वेळी ती पाणी ओढत होती आणि पूड रामाजीनं कालवली होती.

“रामाजी,” ती म्हणाली, “माया नवरा त्या ताटावर बसते. खरं सांगा.”

रामाजीनं शेवटी कबूल केलं. पूड कमी पडली होती, मग धानाच्या बियाण्याला लावायच्या औषधाच्या डब्यातल्या दोन वाट्या घातल्या. तेही बुरशीचंच औषध, असं त्याला वाटलं होतं.

“त्यात पारा हाय,” देवीदास म्हणाला. “झाड औषधाचे तुकडे करू शकते. पाऱ्याचे कसे करीन? तो धातू हाय, तो तसाच राहते.”

देवीदासनं सायकल काढली. मथुराबाई सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली. परक्या पुरुषाच्या सायकलवर बसलेली बाई बघून रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. चढावर देवीदासला दम लागला तेव्हा ती उतरून धावली. बांधकामाची धूळ आणि ट्रकांची रांग लागली. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं, तेव्हा साहेबांचा निरोप आहे असं ती साफ खोटं बोलली.

खानावळीत शेंगा शिजून तयार होत्या. चार मोठी पातेली. धोंडबा आचारी झारा घेऊन उभा होता, बाहेर माणसं हात धूत होती. देवीदास सांगायला लागला, पण त्याला धाप लागली होती आणि धोंडबा हसत होता. पोरगेल्या बाबूचं ऐकून तीनशे माणसांचं जेवण कोण फेकतो?

मथुराबाई पुढे झाली. रांगेत पहिलाच दौलतराव होता. तिला बघून तो गोंधळला.

“हे भाजी मीच फवारली,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आज पहिलं ताट माया घरच्या माणसाचं हाय. मी त्याले खाऊ देऊन नाही राहिली. तुमी कावून खाता?”

दौलतरावानं ताट उपडं करून भिंतीशी ठेवलं. मग त्याच्या मागच्यानं. धोंडबानं विचारलं, मी चव घेतली, चमचाभर, माझं काय? तेव्हा तो हसत नव्हता. देवीदास त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला चार दिवस नजरेखाली ठेवलं आणि धडधाकट घरी पाठवलं. त्या चार दिवसांत मथुराबाई रोज जाऊन त्याच्या बायकोजवळ बसत होती.

माणसांनी त्या दुपारी भात आणि कांदा खाल्ला, आणि पुष्कळांनी तिलाच शिव्या घातल्या. पातेली लांब नेऊन खड्ड्यात ओतली. रामाजीनं दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. गावात माझं नाव घालवलं, असं म्हणाला. महिनाभर ती घरीच होती. दौलतरावानं तिला दोष दिला नाही, पण खानावळीत तिच्यावरून शिव्या ऐकाव्या लागत, म्हणून तो तिथल्या माणसांशी कमी बोलायला लागला.

फाल्गुनात रामाजी स्वतः झोपडीच्या दाराशी आला. विहिरीकडच्या वेलांवर पुन्हा डाग पडले होते आणि पंप दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची त्याची हिंमत होत नव्हती. मथुराबाईनं त्याला आत बोलावलं नाही. तिनं सांगितलं की त्या चार ओळी मुळासकट काढायच्या, तिथं खायचं काही लावायचं नाही, आणि बियाण्याचा डबा मळ्याबाहेर ठेवायचा. हे कबूल असेल तर ती येईल.

रामाजीनं मान हलवली. सोमवारी ती कामावर गेली, आणि सगळ्यांत आधी त्यानं त्या ओळी खरंच काढल्या आहेत का, ते बघून आली.