मुक्या इंजिनांचा मिस्त्री

तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते, कारण तो माझ्या ताईचा नवरा आहे. इथे मात्र मिस्त्री म्हणणार आणि एकेरीतच लिहिणार. एवढी सूट मला मिळायलाच हवी.

त्याचं गॅरेज खाली, वर त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन. खिडकी उघडी ठेवली तर जळक्या ऑइलचा वास, मिटली तर जीव गुदमरतो. खाली चाललेलं सगळं मला ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही त्यासाठीच तर तो प्रसिद्ध आहे.

मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली मोटरसायकल आवाज करत नाही. चालू आहे की बंद, हे टाकीला हात लावून बघावं लागतं. गिऱ्हाईक आलं की याचं नाटक सुरू होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. आजूबाजूचे सगळे गप्प. मग डोळे उघडून हळूच म्हणणार, "टॅपेट बोलतायत." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनाच्या झडपा, दाबणारे तुकडे. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून स्क्रू आवळला, मधली फट मिटवली, की टकटक बंद आणि गिऱ्हाईक गार. कुणी मापाबद्दल विचारलंच तर म्हणतो, "माप नवशिक्यांना. माझं माप इथं आहे," आणि काळं बोट कानात घालून दाखवतो. तो कान मी जेवताना शेजारी बसून पाहिलाय. घास गिळवत नाही. तेच बोट नंतर घरच्या टॉवेलला पुसलं जातं, आणि टॉवेल धुते ताई.

लग्न झालं तेव्हा तो असा नव्हता, असं ताई सांगते. तेव्हा टॅपेटची फट मोजायची पोलादी पाती तो रोज वापरायचा, कामाच्या आधी फडक्याने पुसायचा. त्याच्याकडच्या गाड्या जरा वाजायच्या, पण चालायच्या. लोक मात्र गाडी कानाने पारखतात. आवाज येतो, आवाज येतो म्हणत एकेक जण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या गॅरेजात जायला लागला, तेव्हा याने पाती खणात फेकली आणि स्क्रू आवळायला सुरुवात केली. इथवर मला त्याची कीव येते. पुढे येत नाही.

ताई दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबमध्ये पोचवते. बर्फाचा डबा मागच्या सीटला बांधायचा आणि बर्फ वितळायच्या आत पोचायचं. हे काम तिने स्वतः मिळवलेलं आहे, मिस्त्रीच्या ओळखीने नाही, म्हणून तिचा त्यात जीव. पण तिची गाडी तापली की बंद पडायला लागली. सकाळी लोण्यासारखी चालायची. ऊन वाढलं, चढ लागला, दोन सिग्नलला थांबावं लागलं की गपकन मान टाकायची. सावलीत उभी केली की थोड्या वेळाने पुन्हा शहाण्यासारखी चालू. दोनदा नमुने फुकट गेले. ज्यांचं रक्त घेतलं होतं त्या आजाऱ्यांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. लॅबच्या बाई सरळ म्हणाल्या, "आता एकदा जरी उशीर झाला, तर तुमचा रस्ता दुसऱ्याला देणार."

ताईने नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

"गाडीला काही झालेलं नाही," तो भर गॅरेजात म्हणाला. "तुला चालवता येत नाही. क्लच धरून चालवतेस."

बाकावरची मंडळी हसली. सगळ्यात मोठ्याने पाववाला हसला, ज्याची स्वतःची गाडी एक दिवसाआड तापून बंद पडते आणि जो त्या बाकावर ती निवायचीच वाट बघत बसलेला असतो.

मग मिस्त्रीने ताईला एक जादा प्लग दिला. गाडी बंद पडली की प्लग बदल म्हणाला. प्लग बदलेपर्यंत इंजिन निवायचं आणि गाडी सुरू व्हायची, म्हणजे दोष प्लगचाच. पुढच्या वेळी कार्बोरेटर साफ केला. त्यालाही वेळ लागला, तेवढ्यात इंजिन निवलं, म्हणजे दोष कार्बोरेटरचा. प्रत्येक वेळी एका किकमध्ये गाडी सुरू करून दाखवायचा आणि ताईकडे असा बघायचा, की मला खालून वर काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं. चुकले, वरून खाली.

एकदा शिवलेल्या पडद्यांचा गठ्ठा पोचवायला मी ताईच्या मागे बसले. ठरल्याप्रमाणे चढावर गाडी मेली. ताई घामाघूम झाली होती म्हणून किक मी मारली. सकाळी अंगणात गंमत म्हणून मारली होती तेव्हा पाय उलटा फेकला गेला होता. आता किक भोक पडलेल्या सायकलच्या पंपासारखी खाली गेली. आत दाब म्हणून नव्हताच. सावलीत उभं राहून मी मारतच राहिले, आणि इंजिन निवत गेलं तशी किक घट्ट होत गेली. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, ताईचा क्लच तर नाहीच नाही.

संध्याकाळी मिस्त्री चहा पीत असताना मी म्हटलं, "भाऊजी, ताईची गाडी तापली की किक पोकळ लागते."

कप तोंडाशीच थांबला. "कुणाला बोललीस हे?"

काय झालं, कधी झालं, असं काहीच नाही. कुणाला बोललीस! मला तिथेच कळलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"त्यात काय माहीत असायचंय? तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. फट नसली की नीट मिटत नाही, दाब निघून जातो. साधी गोष्ट आहे."

"मग फट द्या ना!"

"आणि टकटक आली की?" तो खरंच चकित झाला होता. "माझ्याच बायकोची गाडी वाजत फिरली तर माझ्याकडे कोण येईल?"

किळस हा शब्द आजवर मी पाल आणि तुंबलेली मोरी यांच्यासाठी राखून ठेवला होता. माणसाने शांतपणे चहात बिस्किट बुडवत असं बोलावं, आणि बिस्किट मोडून कपात पडलं म्हणून वर हळहळावं! मी उठून आत गेले.

ताई बर्फाचा डबा धूत होती. तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्यांना पहिल्यापासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिने डबा पुसला, पालथा घातला आणि बराच वेळ ते ओलं फडकं पिळत राहिली.

गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी मिस्त्री जेवून तोंड उघडं टाकून घोरत होता. ताईने गॅरेजची किल्ली घेतली, आम्ही दोघी खाली उतरलो. खणातली पाती ग्रीसच्या लगद्यातून उपसून काढावी लागली. तिने ती रॉकेलमध्ये घासून लख्ख केली. इतकी वर्षं त्या गॅरेजात डबे पोचवताना आणि हत्यारं हातात देताना तिने सगळं पाहिलेलं होतं. त्या दिवशी लॅबही बंद, म्हणून गाडी रात्रीपासून उभी, इंजिन थंडगार. तिने झाकण काढलं, स्क्रू सैल केला, फटीत पातं सरकवलं, ते ओढून काढताना थोडी ओढ लागेपर्यंत स्क्रू फिरवला आणि वरचं नट आवळलं. मग दुसऱ्या व्हॉल्व्हचं. किक मारली आणि गाडी वाजायला लागली. टक, टक, टक.

मिस्त्री बनियनवरच जिन्यात आला. "बंद कर आधी! लोक ऐकतील!"

"ऐकू देत," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. मी मशीनवर बसले होते, पण टाका कुठे पडतोय याकडे लक्ष नव्हतं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी टकटक ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला. ताईने गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, चालूच ठेवली आणि पाणी प्यायला माठाकडे गेली.

"बर्फ तसाच होता," तिने वर बघून मला सांगितलं. "बाई काही बोलल्या नाहीत."

मिस्त्रीने लगबगीने येऊन किल्ली फिरवली. गाडी बंद. बाकावर पाववाला होता, त्याची गाडी शेजारी तापून पडलेली. ताईने ओठ पुसले, किल्ली परत फिरवली आणि एकच किक मारली. तापलेलं इंजिन पहिल्या किकला सुरू झालं.

पाववाला उठून उभा राहिला. "मिस्त्री, माझीही अशीच करून द्या. वाजली तरी चालेल."

मिस्त्रीने एकदा वाजणाऱ्या गाडीकडे, एकदा बाकाकडे बघितलं. मग छाती पुढे काढून म्हणाला, "करतो की! हिची मीच केली. आधी घरच्या गाडीवर बघितलं, मग तुमच्यावर."

मी खिडकीत होते. खरं सांगते, मला शिसारी आली.

ताई चिडली नाही. तिने सीटला बांधलेल्या डब्याच्या कप्प्यातून पाती काढली आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरली. "मग ही घ्या, माझ्याकडेच राहिली होती. कुठलं पातं लावायचं ते आठवतंय ना, की दाखवू?"

पाववाला हसला, आणि या वेळी ताईला नाही. मिस्त्रीने पाती घेतली. ताई गाडी वाजवत दुपारच्या फेरीला निघून गेली.

टॅपेटचं माप थंड इंजिनावरच घ्यावं लागतं. पाववाल्याची गाडी तर चांगलीच तापलेली होती. ती निवेपर्यंत मिस्त्रीला ती लख्ख पाती हातात धरून बाकावर, सगळ्यांच्या मध्ये, बसून राहावं लागलं. मी मशीन थांबवून शेवटपर्यंत बघितलं.