चारच्या आकड्याजवळचा डाग

"डायल रंगवून देऊ का मॅडम? एकदम नवी दिसेल," गिरगावातल्या घड्याळजींनी विचारलं, आणि मी काउंटरवरचं घड्याळ झटकन मुठीत घेतलं. जुनी स्विस घड्याळं मी हौसेनं जमवते, पण दुकानातला तो घड्याळं धुण्याच्या पेट्रोलचा वास आला की अजून बाबांचं घड्याळ आठवतं.

ते सोन्याच्या चौकटीचं घड्याळ मुळात त्यांच्या मोठ्या भावाचं. आप्पाकाका बोटीवर नोकरीला होते. एकदा खारं पाणी आत शिरलं आणि चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग पडला तो कायमचाच. काका गेल्यावर घड्याळ बाबांकडे आलं. ते कपाटातच असायचं. पहिल्या पगारात मी ते गुपचूप नेलं आणि डायल रंगवून आणली.

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत बाबांनी घड्याळाची डबी उघडली. पेट्रोलचा वास सुटला. त्यांचा अंगठा काचेवर चारच्या आकड्याजवळ गेला आणि तिथेच फिरत राहिला.

"कसं चकचकीत झालं बघा!" आई म्हणाली.

"बाबा, आवडलं नाही का?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज तोच आसा गो," ते म्हणाले.

तेव्हा मला हायसं वाटलं. आप्पाकाकांची म्हणून बाबांनी ओळखावी अशी त्या घड्याळात तेवढी एकच गोष्ट मी शिल्लक ठेवली होती, हे मला कित्येक वर्षं कळलंच नाही.